नखाने उघडणारा फोन

संपादकांनी सांगितलं, "दुकानातले गमतीचे अनुभव लिहा. दिवाळी आहे, लोकांना जड नको." मी आठ वर्षं सोलापुरात, नवी पेठेतल्या एका बोळात मोबाइल दुरुस्त करते. गमतीचे अनुभव माझ्याकडे आहेत. ते आधी सांगून टाकते, म्हणजे संपादकांचाही शब्द राहील आणि मला जे लिहायचंय तेही लिहिता येईल.

पहिली गंमत मी स्वतःच. गिऱ्हाईक येतं, काउंटरमागे मला बघतं आणि माझ्या डोक्यावरून आत डोकावतं.

"दुरुस्तीवाले कुटं गेलेत?"

"मीच."

"तसं न्हाय ओ ताई. फोन उघडनारे."

दुकान रफीकचाचांचं. मला काम त्यांनीच शिकवलं. ते कोपऱ्यातल्या स्टुलावरून म्हणायचे, "यहीच है उस्ताद. मैं खाली चाय का देखतूं." मग गिऱ्हाईक फोन देतं, पण माझ्या हातावरची नजर काढत नाही. फोन गिऱ्हाइकासमोरच उघडायचा आणि जुना भाग कागदात बांधून त्यालाच परत द्यायचा, हा चाचांचा नियम. त्यामुळे नजरेची आता सवय झाली.

दुसरी गंमत सुताची. टॉवेलच्या कारखान्यात मागावर काम करणारे एक मामा आले. फोन चार्ज होत नव्हता. कंपनीच्या माणसांनी त्यांना सांगितलं होतं, बोर्ड गेलाय, नवाच घ्या. मी चार्जिंगच्या भोकात सुई घातली आणि आतून सूत ओढलं. येतच राहिलं. देवापुढची वात वळता आली असती एवढा कापूस निघाला. फोन चालू. सोलापुरात माग चालतात, हवेत सूत उडतं, ते फोनच्या भोकात बसतं. यात कुठलं आलंय शास्त्र? मामांनी कापूस कागदात बांधून घेतला. "त्यांना दाखवून येतो, बोर्ड कसा असतो ते." खरंच गेले. तिथल्या मुलाने ऐकून घेतलं आणि सांगितलं, तुम्ही बाहेर सुई घालून घेतली ना, आता वॉरंटी संपली.

तर गमती संपल्या.

बाहेरच्या माणसाला आमचा धंदा समजावा म्हणून थोडं सांगते. पूर्वी फोनचं मागचं झाकण नखाने निघायचं. बॅटरी म्हातारी झाली की दुकानातून नवी आणायची आणि घरीच घालायची, टॉर्चचे सेल बदलावेत तशी. आता फोन चिकटवलेले येतात. बॅटरी बदलायची तर आधी मागची काच गरम करायची, गोंद सैल करायचा, पातळ पत्ती फिरवत काच उचलायची, आणि काच न फुटता निघाली तर आत पुन्हा गोंदाने बसवलेली बॅटरी. काही फोन तर असे की त्याच कंपनीच्या दुसऱ्या फोनमधला अस्सल भाग घातला तरी पडद्यावर पाटी येते, हा भाग ओळखीचा नाही. वस्तू तुमची, भाग अस्सल, आणि कंपनी तुम्हाला चोर ठरवते. हे पातळपणासाठी करतो, पाण्यापासून बचावासाठी करतो, असं ते सांगतात. सोलापुरात पाणी किती दिवसांनी येतं ते त्यांना कुणीतरी सांगावं.

माझा आवाज चढला, मला कळतंय. मी लिहायला शिकले ती पत्रकं लिहून. कॉलेजात शिष्यवृत्ती अडकली की पत्रक, वसतिगृहात पाणी नसलं की पत्रक. पत्रकाला एक पान असतं आणि एक शत्रू. तो सापडला की बाकीचं आपोआप लिहून होतं. पुढे आम्ही आठ-दहा जणांनी दुरुस्तीच्या हक्काचा मंच काढला, तेव्हा पत्रकं लिहायचं काम माझ्याकडेच आलं. "चिकटवलेली वस्तू ही भाड्याची वस्तू!" हे वाक्य माझं. मला ते अजून आवडतं.

आणि माझ्याकडे तो फोन होता.

मंचातल्या एका मित्राचा चुलतभाऊ जर्मनीत असतो. तिथे दुरुस्त करता येईल असाच बनवलेला एक फोन मिळतो. आपल्याकडे तो विकत नाहीत. त्याने स्वतःचा वापरलेला मला पाठवला. झाकण नखाने निघतं. आत एका स्क्रू ड्रायव्हरने पडदा, कॅमेरा, चार्जिंगची पट्टी, सगळं सुटं होतं. कुठला भाग कुठे हे आतच छापलेलं. पहिल्या दिवशी रफीकचाचांनी तो उघडला, लावला, पुन्हा उघडला. म्हणाले, "ये बनानेवाले को मालूम था जी, के फोन गिरता."

पाच वर्षं मी तो वापरला. सभेत गेले की खिशातून काढायचा, लोकांसमोर सुटा करायचा, पुन्हा जोडायचा आणि म्हणायचं, हे शक्य आहे! टाळ्या पडायच्या.

टाळ्यांनंतर मी तो कसा वापरत होते, ते मात्र सभेत सांगितलं नाही. त्याचा माइक गेला तेव्हा भाग सोलापुरात नाही, पुण्यात नाही, मुंबईत नाही. कुणीतरी तिकडून सुट्टीला येईल तेव्हा बॅगेतून आणणार. सात महिने मी कानात वायर घालून बोलले. आई म्हणायची, "तुज्या फोनपेक्षा हाक मारलेली बरी." मंचातली पोरं म्हणायची, सुजाताचा फोन दुरुस्त होतो, कारण तो नेहमी दुरुस्तीलाच असतो. हसले मी.

मग त्या कंपनीनेही त्या मॉडेलला नव्या सुधारणा देणं थांबवलं. म्हणजे सगळे स्क्रू जागेवर, पण आतलं डोकं जुनं. मी हार मानली नाही. जगभरातले काही हौशी लोक अशा फोनांसाठी फुकट सॉफ्टवेअर बनवतात, ते मी घातलं. त्यासाठी फोनचं आतलं कुलूप तोडावं लागतं. फोन पुन्हा पळायला लागला. फक्त बँकेचं ॲप उघडेना. "हे उपकरण सुरक्षित नाही," म्हणे. मी काय केलं? त्याचंही पत्रक केलं. "मला बँकेचं ॲप नको, माझा फोन मला हवा!" अडचण आली की तिची घोषणा करायची, ही आमची सवय. घोषणा झाली की अडचण दिसेनाशी होते. निदान आम्हाला.

एवढं लिहिलं, आता शोभाताई.

शोभाताई सोलापूरजवळच्या कुंभारीच्या. विडी कामगारांच्या वसाहतीतल्या एका अंगणवाडीत चौदा वर्षं मदतनीस. म्हणजे खोली झाडायची, पोरांना घरून आणायचं, खिचडी शिजवायची. नोंदी आणि शिकवणं हे सेविकेचं काम. तिथल्या सेविका निवृत्त झाल्या. मदतनिसाला सेविका होता येतं, पण बारावी पाहिजे. शोभाताईंनी चाळिशीत सतरा नंबरचा फॉर्म भरून घरून बारावी दिली होती, त्याच दिवसासाठी. त्यांच्याकडे तात्पुरता कारभार आला. ऑफिसने सांगितलं, तीन महिने ॲपवरच्या नोंदी बघू, मग कायमचं ठरवू. ऑफिसने दिलेला फोन बॅटरी फुगून केव्हाच बंद पडला होता, तो जमा करून घेतला आणि परत दिलाच नाही. नोंदी स्वतःच्या फोनवर करायच्या.

शोभाताई आपल्या मुलीला, प्रणालीला, घेऊन दुकानात आल्या. फोनला भेगा, बॅटरी दुपारी संपायची. प्रणालीने विचारलं, "हा देऊन टाकला तर काय येईल? आईला नवीन घ्यायचाय. माझं ठरलंय."

मी म्हटलं, "कशाला नवीन?" आणि सुरू झाले. खाणीतले लोक, कचऱ्याचे ढीग, गोंद, कंपन्या. हातात पत्रक दिलं.

प्रणाली म्हणाली, "आई, हे दुकान दुरुस्तीचं हाय का प्रवचनाचं?"

शोभाताई मात्र पत्रक वाचत होत्या, एकेका ओळीवर बोट ठेवून. म्हणाल्या, "बराबर लिवलंय की. आमच्या हापिसातबी असंच. फोन फुगला तर म्हनले तुमी फुगवला." मग मला विचारलं, "चालंल का गं ह्यो? तीन म्हैने तरी?"

"तीन महिने? तीन वर्षं चालवून दाखवते."

पडदा घातला, बॅटरी घातली. फोन खरंच छान झाला. पुढच्या महिन्यात आमची सभा होती, तिथे शोभाताई आल्या आणि उभं राहून बोलल्या. "माजी पोरगी म्हनत हुती टाकून दे. मी म्हनलं, मानूस आजारी पडलं तर टाकतो का आपन?" हशा, टाळ्या. मी त्यांचा फोटो पुढच्या पत्रकावर छापला. चौदा वर्षांत हापिसातल्या कुणी फोटो काढला नव्हता, असं त्या म्हणाल्या.

दोन महिने नीट गेले. तिसऱ्या महिन्यात ॲपची नवी आवृत्ती आली आणि शोभाताईंच्या फोनने ती घेतलीच नाही. "तुमच्या फोनवर हे ॲप चालणार नाही." पडदा नवा, बॅटरी नवी, फोन ठणठणीत, आणि वरून कुणीतरी ठरवलं की तो मेला. त्या धापा टाकत दुकानात आल्या.

"सुजा, ह्ये बग की. आता काय करू? प्रनालीला सांगू का? ती अजून घेऊन देते म्हनतीय."

त्या क्षणी "सांगा" एवढं म्हणायचं होतं. तीन अक्षरंसुद्धा नाहीत. मी माझा फोन काढला, त्यातलं माझं सिम काढलं, त्यांचं घातलं, ॲप टाकलं. उघडलं. हजेरी नोंदवून बघितली. झाली.

"आन तुला?"

"मला काय, दुकानात फोनच फोन आहेत."

बँकेच्या ॲपचं मला माहीत होतं. हे ॲपही उद्या तेच म्हणू शकेल, हे दुरुस्ती करणाऱ्या बाईला कळत नव्हतं असं नाही. मी बोलले नाही. खरं सांगायचं तर मला ते चित्रच फार आवडलं: अंगणवाडीत, सरकारी ॲपवर, आमचा फोन.

आठवडाभर हजेरी झाली, वजनं-उंच्या झाल्या. मग शिधावाटपाचा दिवस आला. गरोदर बायांना आणि लहान पोरांच्या आयांना शिध्याची पाकिटं देतात. त्यासाठी प्रत्येक बाईचा चेहरा फोनच्या कॅमेऱ्यात घ्यायचा, तो जुळला की मगच पाकीट. अकराच्या सुमाराला दुकानात फोन आला, नंबर अनोळखी. शोभाताई कुणाच्या तरी फोनवरून बोलत होत्या.

"लाल येतंय गं. तोंड धरलं की लाल येतंय. बाया लई खोळंबल्यात. मॅडमबी आल्यात."

गाडी काढली आणि कुंभारी गाठली. अंगणवाडीबाहेर तीस-पस्तीस बाया उन्हात उभ्या. बहुतेकींच्या घरी विड्यांची पानं भिजवून ठेवलेली, जीव तिकडे. एक जण म्हणाली, "आलं बग फोनचं डाक्टर." दुसरी म्हणाली, "तोंड आमचंच हाय म्हनावं, सकाळपासनं बदललं न्हाय."

आत शोभाताई, समोर पाकिटांची थप्पी, आणि खुर्चीवर पर्यवेक्षिका मॅडम. मी फोन हातात घेतला. चेहरा घेताना ॲप आधी फोनचं कुलूप तपासत होतं, आणि पडद्यावर बँकेच्या ॲपचंच वाक्य होतं. हे उपकरण सुरक्षित नाही. मी बंद केला, चालू केला, ॲप काढलं, घातलं. पुन्हा लाल. करण्यासारखं काही नव्हतं. कुलूप मीच तोडलेलं होतं.

मॅडम वाईट नव्हत्या, हे लिहायलाच हवं, कारण त्या महिन्यात मी उलट लिहिलं होतं. त्यांनी घाम पुसला आणि म्हणाल्या, "हे बघा, मला संध्याकाळी आकडे वर पाठवायचेत. चारपर्यंत थांबते मी. दुसरा कुठलाही फोन आणा, नवा आणा, कुणाचा तरी आणा. शोभाबाई, चार वाजेपर्यंत झालं तर काही लिहीत नाही मी."

चार वाजायला चार तास होते. प्रणालीचा स्वतःचा फोन होता. ती मार्केटात कामाला, रिक्षाने अर्ध्या तासात आली असती. रफीकचाचांनी दुकानातला पाहिजे तो फोन दिला असता. मी स्वतः तो घेऊन परत आले असते.

मी म्हणाले, "दुसरा फोन का आणायचा?"

मॅडमनी वर बघितलं. "तुम्ही कोण?"

मी सांगितलं मी कोण. मग जे सांगितलं ते सगळं खरं होतं. फोन तुम्ही द्यायचा, दिलेला परत घेतलात, कर्मचाऱ्याने स्वतःच्या खिशातून यंत्र का आणायचं, चालता फोन तुमचं ॲप मारतं, चेहरा जुळला नाही म्हणून गरोदर बाईचा शिधा अडवायचा हा कुठला कायदा? बाहेरच्या बाया दारात आल्या. माझा आवाज आणखी चढला. शोभाताईंनी मागून माझी ओढणी ओढली.

"सुजा. गप की."

ऐकलं मी. ऐकलं नाही असं इथे लिहिता आलं असतं. ऐकलं, आणि म्हणाले, "आम्ही दुसरा फोन आणणार नाही. लिहा काय लिहायचं ते."

"आम्ही?" मॅडम म्हणाल्या. त्यांनी शोभाताईंकडे बघितलं. "शोभाबाई, तुमचंही हेच म्हणणं आहे का?"

तीस बाया बघत होत्या. नुकतीच त्यांच्यासाठी भांडणारी पोरगी समोर उभी होती. शोभाताई पदराला हात पुसत राहिल्या. मॅडमनी रजिस्टर उघडलं आणि एक ओळ लिहिली. मी ती उलटी वाचली, काउंटरपलीकडचं उलटं वाचायची मला सवय आहे. "प्रभारी सेविका सहकार्य करत नाहीत."

त्या रात्री मी पत्रक लिहिलं. चांगलं झालं होतं. एक पान, एक शत्रू.

दुसऱ्या दिवशी प्रणालीने आईला फोन घेऊन दिला, शिधा वाटला गेला, नोंदीही झाल्या. पण ती ओळ राहिली. मी मंचातर्फे अर्ज केला, ऑफिसात जाऊन बसले, दोन वेळा माफीसुद्धा मागितली. साहेब म्हणाले, "तुमचं बरोबर आहे हो, फोनचं आम्हीही वर कळवलंय. पण रेकॉर्ड म्हणजे रेकॉर्ड." महिन्याभरात बाहेरून दुसरी सेविका नेमली. पदवीधर, प्रणालीपेक्षा लहान. शोभाताई पुन्हा मदतनीस.

माझा फोन द्यायला त्या दुकानात आल्या. फडक्याने पुसून आणला होता. मी म्हटलं, "ताई, आपण अपील करू. मी सगळे कागद—"

"करू नगंस."

"चूक त्यांची आहे ताई."

"व्हय. त्यांची हाय." त्यांनी फडक्याची घडी घातली. "तुला मी गप म्हनले हुते."

रफीकचाचांनी चहा पुढे केला. शोभाताईंनी घेतला नाही.

फोन दुरुस्त व्हायलाच पाहिजे, हे मी आजही म्हणते. गोंद लावणाऱ्यांना आणि चालत्या फोनाला वरून मारणाऱ्यांना मी आजही सोडणार नाही. पण आता सभेत फोन सुटा करून दाखवला की पुढे तेही सांगते, जे पूर्वी सांगत नव्हते: भाग कुठून येतो, किती महिने लागतात, कुठलं ॲप उघडत नाही, आणि ज्याची नोकरी ॲपवर आहे त्याने माझं ऐकू नये. टाळ्या कमी पडतात. मंचातल्या एकाने विचारलं, तू आपल्या बाजूची आहेस की कंपनीच्या? मी त्याला कुंभारीचा पत्ता दिला. तो गेला नाही.

गेल्या महिन्यात शोभाताई पुन्हा दुकानात आल्या. हातात नव्या सेविकेचा फोन, मागचा कॅमेरा गेलेला. पोरांनी खिचडीच्या पातेल्यात टाकला होता.

"मॅडमचा हाय. आजच पायजे, उद्या वाटप हाय."

मी काच गरम केली, पत्ती फिरवली, गोंद सोडवला. कॅमेरा बदलायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ त्या समोर बसून होत्या, माझ्या हाताकडे बघत. पत्रकांचा गठ्ठा काउंटरवरच होता, तो मी खाली सरकवला. जुना कॅमेरा कागदात बांधून पुढे ठेवला.

"तपासून घ्या," मी म्हटलं.

त्यांनी ॲप उघडलं. सगळ्या खुणा त्यांना पाठ. बोटं भराभर चालली. मग फोन माझ्या तोंडासमोर धरला.

"हलू नगंस. सरळ बग."

मी सरळ बघितलं. फोनच्या मागे त्यांचे डोळे पडद्यावर.

"जुळत न्हाय म्हनतंय," त्या म्हणाल्या. "म्हंजी चालू झाला."

फोन पिशवीत घातला आणि कुंभारीची रिक्षा धरायला निघून गेल्या.